केनियातली रोज पन्नास शिलिंगची वीज (आणि एक न सुटलेलं कोडं)

व्हिक्टोरियाकाठचा

गेल्या रविवारी इस्लामपूरला फोन लावला होता, चुलतभाऊ म्हणतो, काय रे तिकडं तुमच्या आफ्रिकेत अजून कंदीलच असतील ना? म्हटलं बाबा, मी आत्ता ज्या घरासमोर उभा राहून तुझ्याशी बोलतोय ना, त्याच्या पत्र्यावर सोलर आहे, आत तीन दिवे आहेत, रेडिओ वाजतोय, आणि तू शेतातल्या सोलर पंपाचा फॉर्म भरून बसलायस त्याला किती महिने झाले? मग विषय बदलला त्याने :)

तर तेव्हापासून डोक्यात होतं की यावर एक धागा काढावा. मी केनियात किसुमूला असतो, सहावं वर्ष. सोलर किट विकणाऱ्या एका कंपनीच्या रिपेअर सेंटरला आहे, कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे.

आधी मूळ गोष्ट. इथे खेड्यात चिमणी असते ना आपली, पत्र्याच्या डब्याची, वात बाहेर आलेली, तिला कोरोबोई म्हणतात. रॉकेलला म्हणतात माफुता या ता, म्हणजे दिव्याचं तेल. आणि दुकानाला डुका, हा शब्द आपल्याकडूनच गेलेला. माणसं रॉकेल लिटरने घेत नाहीत, संध्याकाळी डुकावर जाऊन आजच्यापुरतं घेतात. वर मोबाईल चार्ज करायला बाजारात चालत जायचं, त्याचे दहा-वीस शिलिंग. (एक शिलिंग म्हणजे साधारण ६५-७० पैसे धरा.) म्हणजे उजेडाला आणि फोनला रोज खिशातून पैसे जातच होते, फक्त सुटे सुटे जात होते म्हणून कुणाच्या हिशेबात आले नव्हते.

२००७ साली एम-पेसा आलं, मोबाईलवरून पैसे पाठवायचं, आपलं यूपीआय येण्याच्या नऊ वर्षं आधी, तेही साध्या बटणाच्या फोनवर. मग २०११ ला एम-कोपा नावाची कंपनी निघाली, काढणाऱ्यांतला एकजण एम-पेसाच्या कामातलाच. कोपा म्हणजे उधार घेणे. सुरुवातीच्या त्यांच्या किटमध्ये ८ वॅटचं पॅनल, दोन-तीन एलईडी, टॉर्च, रेडिओ, फोन चार्जर. आधी तीनेक हजार शिलिंग भरायचे आणि मग रोज पन्नास, साधारण वर्षभर. डब्यात सिमकार्ड. पैसे आले की डबा चालू, नाही आले की बंद, पुन्हा भरले की पुन्हा चालू. वर्ष झालं की डबा तुमचा, मग फुकट उजेड.

लक्षात घ्या, पॅनलमध्ये काही जादू नव्हती, पॅनल तर चिनी. रॉकेलला जसे रोज सुटे पैसे जायचे तसेच आता या डब्याला द्यायला लागले एवढाच काय तो बदल, आणि तेवढ्यावर बाजार उभा राहिला. २०१८ पर्यंत एकट्या एम-कोपाची सहा लाख घरं झाली होती. मागून कितीजण आले मग, डी-लाइट, सन किंग, युगांडात फिनिक्स, टांझानियात झोला, रवांडात बीबॉक्स...

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

ताकभात

मस्त धागा! एक बाळबोध प्रश्न, कुणी लॉक तोडत नाही का? आपल्याकडे तर आठ दिवसांत गल्लीतल्या मोबाईलवाल्याने उघडून दिला असता.

व्हिक्टोरियाकाठचा

तोडतात की! माझं पोटच त्यावर चालतं म्हणा ना. इथे कारागिराला फुंडी म्हणतात, आणि फुंडी लोक आपल्या पत्र्याच्या शेडवाल्या मेकॅनिकांसारखेच, कशालाही हात घालतात. कालच एक डबा आला, लॉक बायपास करायच्या नादात चार्जिंगची सर्किटच उडवलेली. पण खरं सांगू, तोडलेले कमी येतात. जास्त येतात ते मुंग्यांनी घर केलेले, झुरळांचं आख्खं खानदान आत असलेले, वायर उंदराने कुरतडलेले. काही मॉडेलला सिम नसतं, पैसे भरले की एसेमेसवर कोड येतो तो बटणं दाबून घालायचा, त्यांची रबरी बटणं घासून गुळगुळीत झालेली असतात, रोज एकेक दिवसाचा कोड घातलेला दिसतो त्यावरून. एकदम महिन्याचा कोड घेणारा गिऱ्हाईक विरळा.

पॅनल बसवायला मात्र इथे सोपं. किसुमू जवळजवळ विषुववृत्तावरच आहे, आपल्यासारखं दक्षिणेकडे तोंड करा वगैरे भानगड नाही, पत्र्याच्या ज्या उताराला सावली नाही तिथे ठोका. कोंबड्यांनी त्यावर बसू नये एवढं बघायचं.

खवचट काका

छान. म्हणजे गरिबाला तीन दिवे उधारीवर विकले आणि त्याला 'ऊर्जाक्रांती' म्हटलं. पीठ दळता येतं का त्यावर? फ्रिज चालतो? वेल्डिंग? आमच्या लहानपणी गावात लाईट आली तेव्हा पहिल्यांदा पिठाची गिरणी आली, मग पंप, तेव्हा कुठे गाव बदललं. दिव्याने फार तर अभ्यास होतो, तोही करणाऱ्याचा.

ह.घ्या. (हलके घ्या) पण उत्तर द्या.

व्हिक्टोरियाकाठचा

काका, ह.घ्या. कशाला, बरोबर बोललात. इथली गिरणी म्हणजे पोशो मिल, मक्याचं पीठ, बहुतेक डिझेलवर. ८ वॅटवर मक्याचा दाणा पण हलणार नाही. त्यासाठी एकतर सरकारी लाईन पाहिजे नाहीतर मिनी-ग्रिड, म्हणजे गावाचंच छोटं सोलर केंद्र आणि गावातच तारा.

सरकारी लाईनचं सांगतो. २०१५ ला केनियाने लास्ट माईल म्हणून योजना काढली, कनेक्शनचे पैसे ३५,००० वरून १५,००० शिलिंग केले, ते पण हप्त्याने. त्याने खूप फरक पडला, आता केनियात चारात तीन लोकांकडे काही ना काही वीज आहे. आणि ती बऱ्यापैकी स्वच्छ आहे बरंका, सुमारे ९० टक्के वीज भूगर्भातल्या वाफेची, पाण्याची, वाऱ्याची, सूर्याची. ओल्कारियाला जमिनीतून वाफ येते तिच्यावर टर्बाइन चालतात, मी जाऊन पाहून आलोय, कुकरची शिट्टी होते ना तसा आवाज दिवसभर. आणि तुर्काना सरोवराजवळचा ३१० मेगावॅटचा पवनचक्क्यांचा प्रकल्प, तो २०१७ ला उभा राहिला पण वीज वाहून न्यायची लाईनच तयार नव्हती, दीडेक वर्ष पाती नुसती उभी. हे वाचून आपल्याकडच्यांना घरच्यासारखं वाटेल.

मिनी-ग्रिडचं उदाहरण पलीकडच्या टांझानियात आहे, व्हिक्टोरिया सरोवरात उकारा नावाचं बेट, तिथे २०१६ पासून आहे. गोची अशी की अशी वीज महाग पडते, कारण गिऱ्हाईकं थोडी आणि बॅटरी महाग. मग सरकार म्हणतं बाकी देशाच्याच दराने विका. विकली तर कंपनी बुडते, नाही विकली तर बेटावरचा म्हणतो मी काय पाप केलं, शहरातल्याला स्वस्त आणि मला महाग? दोघांचंही खरं आहे, मला तरी यावर उत्तर सापडलेलं नाही.

एरंडोलकर

पंपाचा विषय काढलात म्हणून लिहितो. आमच्याकडे मागेल त्याला सौर कृषी पंप, शेतकऱ्याने १० टक्के भरायचे (अनुसूचित जाती-जमातीला ५), बाकी सरकारचं. ऐकायला झकास. मी पैसे भरले, मग पुरवठादार निवडायचा, निवडला, मग त्याचा माणूस येईना, आला तर स्ट्रक्चर अर्धं घेऊन आला, असं करत पंप बसला तेव्हा हंगाम गेला होता. आणि पहिल्याच वळवाच्या वादळात दोन पॅनल उडाले, आता दुरुस्ती कुणी करायची यावर फोनाफोनी चालू आहे. केनियात काय सीन आहे पंपाचा? तिथला शेतकरी पूर्ण पैसे भरतो?

व्हिक्टोरियाकाठचा

दादा, इथे सबसिडी नावालाच, काही जिल्ह्यांत, काही प्रकल्पांत. सनकल्चर वगैरे कंपन्या पंप हप्त्यावरच देतात, दिव्यासारखंच, मोबाईलवरून. पंप छोटे, एखाद-दोन एकराचे, टोमॅटो, सुकुमा (एक पालेभाजी, रोज खातात), कांदा यांना पुरतील असे. आपला पाच एचपीचा पंप इथे कुणाला परवडणार नाही.

पण तुमच्या प्रश्नातलं दुसरं जे आहे ना, दुरुस्ती कुणी करायची, ते इथे आपोआप सुटलंय. पंप बंद पडला की शेतकरी हप्ता बंद करतो, की दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस मोटरसायकलवर हजर. आमच्या सेंटरला ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांची कामं पहिली घेतात आणि फिटलेल्यांची मागे पडतात, हे बरोबर नाही पण असंच आहे. तुमच्या पुरवठादाराला सरकारकडून पैसे मिळून गेले, त्याला तुमच्या बांधावर यायचं कारणच उरलं नाही.

एरंडोलकर

हे काळजाला भिडलं राव.

लागोसवाला

मी नायजेरियात, लागोसला, बारा वर्षं. इथली गोष्ट वेगळी आहे म्हणून लिहितो. इथे लाईन आहे पण लाईट नाही. त्यामुळे घराघरात जनरेटर. सगळ्यात छोटा जो असतो, हातात उचलून नेता येईल असा, त्याचं इथलं नाव 'आय बेटर पास माय नेबर', म्हणजे शेजाऱ्यापेक्षा मी बरा! आख्खी गल्ली संध्याकाळी धडधडत असते, धूर, वास, आवाज, दाराशी बोलायचं तर ओरडून.

मे २०२३ ला नवीन राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीच्या भाषणातच पेट्रोलची सबसिडी बंद म्हणून जाहीर केलं. लिटरला १९० च्या आसपास नायरा होते ते काही दिवसांत ५०० च्या आसपास. झालं, शेजाऱ्यापेक्षा बरा असणारा रातोरात शेजाऱ्याइतकाच वाईट झाला. तेव्हापासून सोलरच्या दुकानांत गर्दी बघा. माझा ड्रायव्हर, त्याचं गाव आत आहे दोनशे किलोमीटर, तिथे त्याच्या भावाचं केशकर्तनालय, भावाने जनरेटर विकून पॅनल आणि बॅटरी घेतली. पर्यावरण वगैरे शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. म्हणतो पेट्रोल परवडत नाही, आणि गिऱ्हाइकाला आता मशीनचा आवाज ऐकू येतो.

जागतिक बँकेने पण डिसेंबर २०२३ ला ७५ कोटी डॉलर मंजूर केले नायजेरियाच्या अशा विकेंद्रित सोलरसाठी. पण माझं मत विचाराल तर बँकेपेक्षा पेट्रोलच्या भावाने जास्त पॅनल विकले.

नीलपक्षी

+१ लागोसवाला. आकडे बघायचे तर एम्बर नावाची संस्था चीनच्या निर्यातीवर लक्ष ठेवते, त्यांचा ऑगस्ट २०२५ चा अहवाल होता. जून २०२५ पर्यंतच्या वर्षभरात आफ्रिकेने चीनकडून सुमारे १५,००० मेगावॅटची पॅनल मागवली, आधीच्या वर्षापेक्षा ६० टक्के जास्त. सिएरा लिओनने त्या वर्षात जेवढी मागवली तेवढी सगळी बसवली तर त्या देशाच्या २०२३ च्या एकूण वीजनिर्मितीच्या ६१ टक्के वीज त्यातून होईल! अर्थात बंदरात उतरली म्हणजे छतावर चढली असं नाही, आणि ती सगळी खेड्यात गेली असंही नाही, खूपशी कारखाने आणि शहरातल्या बंगल्यांवर असतील.

पण दुसरी बाजू पण बघा, सहाराच्या दक्षिणेला अजून ६० कोटी माणसं विजेशिवाय आहेत. जागतिक बँक आणि आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक यांनी मिळून मिशन ३०० काढलंय, २०३० पर्यंत ३० कोटी लोकांना वीज. म्हणजे ठरवलंय तसं झालं तरी निम्मे उरतात.

खवचट काका

आणि ह्या उधारीवाल्या कंपन्या टिकतात का? की फंडिंग आहे तोवर दिवाळी?

व्हिक्टोरियाकाठचा

काही बुडाल्या. मोबिसोल म्हणून जर्मन कंपनी होती, टांझानिया, रवांडा, केनियात मोठं काम, २०१९ ला दिवाळखोरीत गेली, मग एका फ्रेंच कंपनीने घेतली. एम-कोपा टिकली पण ती आता मुख्यतः स्मार्टफोन हप्त्यावर देते, त्यात जास्त मार्जिन. ज्या उजेडासाठी सुरू झाली तो मागे पडला.

दुखणं कुठे आहे ते सांगतो, मी अकाउंट्सवाला नाही पण जेवणाच्या सुट्टीत हेच ऐकतो. कर्ज डॉलरमध्ये, वसुली शिलिंगमध्ये. २०१९ च्या आसपास डॉलरला साधारण १०० शिलिंग होते. समजा कंपनीने एक लाख डॉलर उचलले, म्हणजे एक कोटी शिलिंग. जानेवारी २०२४ ला डॉलर १६० वर गेला, तेच कर्ज झालं एक कोटी साठ लाख. पण खेड्यातली बाई तर ठरलेले रोजचे पन्नासच देणार ना! तिला काय सांगणार, अमेरिकेत व्याजदर वाढला म्हणून आता ऐंशी दे? नंतर शिलिंग सावरला, आता १२९ च्या आसपास आहे, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं. नायजेरियात तर नायरा ४६० वरून दीड हजाराच्या घरात गेला, लागोसवाल्यांना विचारा.

आता जरा शहाणपण आलंय, स्थानिक चलनात पैसा उभा करायला लागलेत. सन किंगने २०२३ ला १३ कोटी डॉलर किमतीचे पैसे केनियन शिलिंगमध्येच उभे केले, गिऱ्हाइकांच्या येणाऱ्या हप्त्यांवर. ही सन किंग म्हणजे आधीची ग्रीनलाइट प्लॅनेट बरंका, सुरुवात भारतात, मुंबईत ऑफिस होतं त्यांचं.

आणि सरकारची लहर वेगळीच. केनियाने २०२० ला सोलरवर व्हॅट लावला, बोंबाबोंब झाली, २०२१ ला काढला. त्या वर्षभरात डुकावाल्यांनी स्वस्तातला बिनब्रँडचा माल भरला, तो अजून माझ्या टेबलावर येतो.

माहेरवाशीण

सगळे दिव्यांवर बोलताय, चुलीवर कुणी बोलेना. साहजिक आहे, बहुतेक आयडी पुरुषांचे दिसतात :P

मी नैरोबीला पाच वर्षं होते, नवऱ्याची बदली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई गिथेरी करायच्या, म्हणजे मका आणि राजम्यासारखे दाणे एकत्र उकडायचे, आपली मिसळीची उसळ समजा पण फोडणी नाही. कोळशाच्या जिकोवर दोन-तीन तास. जिको म्हणजे शेगडी. आतून भाजलेल्या मातीचं अस्तर, बाहेरून पत्रा, कंबरेत बारीक, ऐंशीच्या दशकात निघालेलं डिझाईन, कोळसा कमी लागतो. करणारे कारागीर उघड्यावर बसून पत्रा ठोकतात म्हणून त्या सगळ्या धंद्यालाच जुआ काली म्हणतात, कडक ऊन!

तर मी त्यांना माझा तीन लिटरचा कुकर दिला. पहिल्या शिट्टीला त्या स्वयंपाकघरातून बाहेर पळाल्या, शपथ. आठवड्याने म्हणाल्या मॅडम, हा असा कुठे मिळतो? आता ऐकते की तिकडे विजेवरचे प्रेशर कुकर खपवायचा मोठा कार्यक्रम चालू आहे, ब्रिटिश मदतीतून. आपल्या आज्यांनी जे पन्नास वर्षांपूर्वी स्वीकारलं त्यावर आता परिषदा होतात, गंमत वाटते. पण तो विजेवरचा कुकर ओढतो हजारेक वॅट, तुमच्या त्या तीन दिव्यांच्या डब्यावर चालणार नाही, मग बाईचा धूर तिथेच. दिवा आधी आला कारण रेडिओ आणि फोन घरातला पुरुष वापरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताकभात

माहेरवाशीण ताई, साष्टांग _/\_

बापू फलटण

चुलीचा विषय निघालाच आहे तर एक आपल्याकडचं सांगतो. पुण्याची आरती संस्था, डॉ. आनंद कर्वे. पाण्याच्या दोन प्लास्टिक टाक्या घ्यायच्या, एक हजार लिटरची, एक साडेसातशेची, छोटी उलटी करून मोठीत सोडायची, झाला बायोगॅस. शेण नको, खरकटं, शिळा भात, पीठ यावर चालतो. २००६ ला त्याला ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. हे तंत्र पुढे टांझानियाला गेलं, दार-एस-सलामला आरतीची शाखाच निघाली होती.

हे मी अभिमानाने सांगतो, पण आमच्या घरचा प्लांट दोन वर्षांत बंद पडला हे पण सांगतो. कारण? घरात माणसं तीन, खरकटं उरतच नव्हतं.

व्हिक्टोरियाकाठचा

बापू :)) इथे उलट, गाय आहे पण पाणी नाही अशी घरं भेटतात.

माहेरवाशीण ताईंचं चुलीचं म्हणणं मान्य. गॅस पण इथे हप्त्याने मिळायला लागलाय, सिलिंडरवर मीटर, जेवढे पैसे तेवढा गॅस. पण तो शहरात. आणि सुधारित चुलींचा खूपसा पैसा कार्बन क्रेडिटमधून (प्रदूषण कमी केल्याचं प्रमाणपत्र, ते कंपन्या विकत घेतात) येतो, त्यात २०२४ ला एक अभ्यास आला की या चुलींच्या क्रेडिटमध्ये बचत खऱ्याच्या नऊ पट फुगवलेली होती. त्यानंतर त्या धंद्याकडे सगळेच संशयाने बघतात. चूल खरी असते हो, फक्त हिशेब खोटा.

आता एक कोडं घालतो, मला सुटत नाहीये. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला मबिता म्हणून गाव आहे, तिथली एक मामा (इथे मामा म्हणजे बाई, आई. पहिले सहा महिने मी रस्त्यावर बायकांना मामा मामा ऐकून दचकायचो). ती ओमेना वाळवून विकते, चिमुकले चंदेरी मासे. तिचा डबा दुरुस्तीला आला म्हणून तिचा रेकॉर्ड काढला. रोज हप्ता भरणारी, एकदम चोख, आणि दर महिन्याला आठवडाभर बंद. ऑफिसच्या यादीत तिच्यापुढे लाल खूण, अनियमित. वसुलीवाल्या पोराने कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिलाय, म्वेझी. म्वेझी म्हणजे महिना. मी धरून चाललो महिनाअखेरीची चणचण असेल, शाळेची फी वगैरे. पण तारखा महिनाअखेरीच्या नाहीतच. कुणाला काही सुचतंय?

चाकरमानी

तारखा टाका बघू.

व्हिक्टोरियाकाठचा

२०२५ च्या: ६ ते १२ ऑगस्ट. ४ ते १० सप्टेंबर. ४ ते १० ऑक्टोबर. २ ते ८ नोव्हेंबर. एप्रिल ते जुलै कसंही, चालू बंद चालू बंद.

चाकरमानी

अहो कालनिर्णय उघडा!! ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा, ७ सप्टेंबरला भाद्रपद पौर्णिमा, ग्रहण होतं बघा त्या रात्री, ६ ऑक्टोबर कोजागरी, ५ नोव्हेंबर त्रिपुरी. तुमची बाई पौर्णिमेच्या आगेमागे बंद असते.

हे मासे रात्री दिव्यावर पकडतात ना? काळोखात पाण्यावर दिवा धरला की बारीक मासळी वर येते, चांदण्यात दिव्याला कोण विचारतो. आमच्या मालवणात एलईडीची मासेमारी २०१७ पासून बंद आहे (कागदावर), पण लहानपणी आजोबा म्हणायचे, चांदणं पडलं की जाळं विणायला बसा. मासळी नाही तर वाळवायचं काय आणि पन्नास शिलिंग द्यायचे कुठून? आणि एप्रिल ते जुलै तिकडे मासेमारीला बंदी असते का, आपल्या पावसाळ्यातल्यासारखी?

व्हिक्टोरियाकाठचा

असते. एप्रिल ते जुलै ओमेनाला बंदी असते.

आणि म्वेझी म्हणजे महिना, तसाच चंद्र पण. एकच शब्द. त्या पोराने कारण बरोबर लिहिलं होतं, मी सहा वर्षं इथे राहून वाचलं चुकीचं.

डोकं धरून बसलोय.

खवचट काका

आता हे खरं वाचनीय. चाकरमानी, मानलं.

माहेरवाशीण

आणि चांदण्याच्या रात्री तिला अंगणात दिव्याची गरज पण कमी! ती हप्ता चुकवत नाहीये, नको त्या दिवसांची वीज विकत घेत नाहीये. रॉकेल पण तसंच घेत असणार ना पूर्वी, लागेल तेव्हाच.

ताकभात

पॉपकॉर्न संपले माझे. ऑफिसात सांगितलंत का साहेबांना?

व्हिक्टोरियाकाठचा

सांगितलं. साहेब म्हणाले इंटरेस्टिंग, पण सॉफ्टवेअरमध्ये चालू, उशीर आणि बुडीत एवढेच रकाने आहेत, चंद्राचा रकाना नाही. सरोवरकाठच्या लाल खुणा सगळ्या काढून बघतो म्हटलं, बघा म्हणाले, पण ऑफिसच्या वेळेनंतर.

बघितल्या. मबिता आणि आसपासच्या काठावरच्या पंचेचाळीस लाल नावांत एकतीस पौर्णिमावाले निघाले. आता ही यादी कुणाला द्यायची ते कळत नाही, सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

नीलपक्षी

शेतकऱ्यांचं पण बघा ना, चहा, ऊस, मका, प्रत्येकाचा पैसा वेगळ्या महिन्यात येत असेल. रोजचे पन्नास हे भाजीवालीला, बोडाबोडावाल्याला (मोटरसायकल टॅक्सीवाला) जमणार, मकेवाल्याला वर्षातून एकदाच पैसा दिसतो.

व्हिक्टोरियाकाठचा

हो, मकेवाल्यांचं पुढच्या आठवड्यात काढतो, एका वेळी एकच ड्रॉवर.

ता.क. काल शनिवार, डबा दुरुस्त झाला होता तो स्वतःच घेऊन मबिताला गेलो. मामा पाण्याकाठी जुन्या जाळीवर ओमेना पसरत होती, वास असा की डोळ्यात पाणी, चाकरमान्यांना आवडला असता. डबा लावून दिला, दिवा लागला, तिने फोनवरून पन्नास भरले. मग मी मोठ्या ऐटीत विचारलं, तुमचा दिवा बंद असतो तो चंद्रामुळे ना? ती माझ्याकडे बघतच राहिली, मग हसली, म्हणाली ऑफिसच्या माणसाला हे कुणी सांगितलं? म्हटलं कोकणातल्या एका माणसाने.

तिने विचारलं, कोकण कुठे आलं, त्या तिकडच्या बेटाच्या पलीकडे का?